नदीच्या गाळात जपलेले जुने भूकंप: नाशिक-निफाडकडे कुणी बघितलंय का?

गोदाकाठ

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या बाजूला अधूनमधून सौम्य धक्के बसतात, मग ग्रुपवर दोन दिवस मेसेज फिरतात, मेरीतल्या (नाशिकची सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था) यंत्रावर किती रिश्टर नोंद झाली ते फॉरवर्ड होतं आणि शेवटी कोणीतरी म्हणतं की आपल्याखाली काळा पाषाण आहे, दख्खनला काय होत नाय. झालं, विषय संपला.

मला या "काय होत नाय" बद्दलच बोलायचंय. किल्लारीबद्दलही हेच म्हणायचे लोक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, आणि विसर्जनाची रात्र उलटत असताना ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा धक्का बसला. माणसं गेली ती जवळपास दहा हजार. नकाशा करणाऱ्यांनी आळस केला असं नाही हो, त्यांच्याकडे नोंदच नव्हती. भारतात पहिलं भूकंपमापन केंद्र आलं १८९८ ला, कलकत्त्याला अलीपूरला, म्हणजे यंत्राची स्मरणशक्ती सव्वाशे वर्षांची, आणि आपल्यासारख्या भूभागात एखादा फॉल्ट, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली सरकणारी भेग, एकदा सरकला की पुन्हा सरकायला हजारो वर्षं घेऊ शकतो. बखरीत, शिलालेखात शोधून शोधून किती मागे जाणार?

पण गाळात नोंद असते. नदीकाठची दरड, विहिरीची कड, शेततळ्याचं खोदकाम, तलावाचा तळ. मोठा धक्का बसतो तेव्हा पाण्याने तुडुंब भरलेली बारीक वाळू काही सेकंद घट्टपणा सोडते, कणांमधलं पाणी दाबाखाली येतं आणि सगळा भार त्या पाण्यावर जातो. वर चिकणमातीचा थर झाकणासारखा असेल तर पाणी वाळूसकट तो फाडून वर येतं. भुजला २६ जानेवारी २००१ नंतर रणात ठिकठिकाणी वाळू आणि पाणी उसळून वर आलं होतं ते हेच. धक्का थांबला की ती फट वाळूने भरलेली तशीच राहते, वर पुढच्या पुरांचा गाळ बसतो, आणि हजार वर्षांनी कोणी तिथं खणलं तर दिसते. याला वाळूची डाइक म्हणतात. शिवाय मऊ थर एकमेकांत घुसून गोळे होतात, लाटा होतात, थर तुटून वाकडे होतात. भूकंपाने असा विस्कटलेला थर म्हणजे सीस्माइट, हे नाव आडोल्फ झाइलाखर यांनी १९६९ मध्ये दिलं.

प्रश्न साधा आहे. नाशिक, निफाड, सिन्नर, येवला भागात विहीर किंवा शेततळं खणताना, नदीकाठी दरड कोसळल्यावर असं काही कुणी बघितलंय का? फोटो असतील तर टाका.

प्रश्नांकित

विषय छान आहे दादा पण मला एक शंका आहे, गाळ तर पुरानेही विस्कटतो ना, गोदावरीला १९६९ चा पूर आठवणारी माणसं अजून आहेत आपल्याकडे, तेवढं पाणी आल्यावर खालचे थर वाकडेतिकडे होणारच. मग भूकंप कशावरून? आणि नाशिकला नदीकाठच्या काझीच्या गढीला भेगा पडतात दर पावसाळ्यात, त्याही भूकंपाच्या म्हणायच्या का?

मृण्मयी

अगदी योग्य शंका आहे आणि या अभ्यासात निम्मं काम तेवढंच असतं, दुसरी सगळी कारणं एकेक करून बाद करायची. भूशास्त्र शिकलेय म्हणून थोडं लिहिते.

पूर खरंच असं करतो. ओल्या चिखलावर पुराने अचानक जाड वाळू आणून टाकली की वाळू जड पडते, खाली गोळ्यागोळ्यांनी बुडते आणि चिखल मधून जिभेसारखा वर येतो. फोटोत हे आणि भूकंपाचं अगदी सारखं दिसू शकतं. उतारावरचा गाळ नुसता घसरला तरी घड्या पडतात. म्हणून एका लाटेवरून, एका फोटोवरून कोणी भूकंप जाहीर केला तर विश्वास ठेवू नका.

बघायचं ते असं. विस्कटलेला थर वर-खाली सपाट, शांत थरांच्या मध्ये अडकलेला आहे का? तो दूरवर, वेगवेगळ्या दरडींमध्ये त्याच पातळीला सापडतो का? जमीन सपाट आहे ना, म्हणजे घसरण बाद होते. आणि वाळू वर घुसली असेल तर तिचा उगम खाली सापडतो का? चारही गोष्टी जुळल्या तर बोलायचं, आणि तरी जपून.

काझीच्या गढीचं वेगळं आहे. ती वस्त्यांच्या मातीची टेकडी, शेकडो वर्षांचे थर एकावर एक. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला उत्खनन केलं ते अशाच मातीच्या गढीत. पायथा नदी खाते, वरून पाऊस मुरतो, माती फुगते आणि कड सुटते. भेगा कडेला समांतर असतात ते बघा. त्याला भूकंप लागत नाही, आणि तिथं राहणाऱ्या लोकांचा धोका त्यामुळे कमी होत नाही.

प्रश्नांकित

ओके. पण मग खात्री पटावी असं जगात कुठं सिद्ध झालंय का, की सगळा अंदाजच?

मृण्मयी

झालंय की. कॅलिफोर्नियात १९७१ ला सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, त्यात व्हॅन नॉर्मन नावाच्या जलाशयाचं धरण खचलं. नंतर तळाचा गाळ तपासता आला तेव्हा जॉन सिम्स यांना त्यात विस्कटलेले तीन पट्टे सापडले, आणि ते १९३०, १९५२ आणि १९७१ च्या माहीत असलेल्या भूकंपांशी जुळले. मधले थर सरळ. म्हणजे तारीख माहीत असलेला भूकंप गाळात कसा उमटतो ते समोर आलं.

मृत समुद्राच्या काठचा लिसानचा गाळ तर बघतच राहावा असा आहे. पांढरा पातळ थर, करडा पातळ थर, पांढरा, करडा, दरवर्षीची एक जोडी, हजारो जोड्या. आणि मध्येच एखादा पट्टा ढवळून टाकलेला, त्याच्यावर पुन्हा सुईने आखल्यासारख्या रेघा सुरू. श्मुएल मार्को आणि अमोत्झ अग्नोन यांनी दाखवलं की हे ढवळलेले पट्टे तळ्याच्या बुडाशी तेव्हा सरकलेल्या फॉल्टच्या पायऱ्यांना येऊन टेकतात. पायरी आणि ढवळणं एकाच वेळचं. मला स्वतःला यापेक्षा चांगला पुरावा दुसरा माहीत नाही.

आणि १७०० चा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रायन ॲटवॉटर यांना खाडीच्या चिखलात गाडलेली जुनी कुरणं सापडली, त्यांच्यावर समुद्राने आणलेल्या वाळूचा थर. किनारा झटक्यात खाली गेला आणि मागोमाग त्सुनामी आली असा अर्थ. तिकडे जपानमध्ये जानेवारी १७०० मध्ये भूकंप न जाणवता त्सुनामी आल्याच्या लेखी नोंदी होत्या. दोन्ही जुळवल्यावर तारीखच मिळाली, २६ जानेवारी १७०० ची रात्र, तीव्रता ९ च्या आसपास. ज्या किनाऱ्यावर यंत्राने एवढा भूकंप कधीच नोंदवला नव्हता तिथं आता इमारतींचे नियम त्या चिखलामुळे बदलले.

निफाडचा_बागायतदार

राम राम मंडळी. माझ्याकडं द्राक्षाच्या प्लॉटजवळ नवीन विहिरीचं काम चालू आहे, पोकलेनने साधारण चार परस (चार पुरुष खोल) खाली गेलोय. धागा वाचून आज मुद्दाम उतरून बघितलं आणि फोटो टाकलेत खाली. वरून चारेक फूट काळी माती, तिच्यातून काळ्या पाचरी खाली पिवळ्या पोयट्यात घुसलेल्या दिसतात, हातभर लांब, काही दोन हात. पोयट्यात चुनखडीचे खडे लय. त्याच्याखाली वीतभर जाडीची राखाडी बारीक वाळू आहे आणि ती सरळ नाय, लाटेसारखी, मध्येमध्ये वाळूचे गोळे खालच्या चिकणमातीत बसलेले. त्याखाली गोटे आणि मग पाणी. आमच्या गड्याच्या मते काळ्या पाचरी म्हणजे भूकंपाच्या भेगा. खरं काय?

मृण्मयी

काका फोटो फार स्वच्छ आलेत, कड ओली करून काढलेत ते बरं केलंत.

काळ्या पाचरी भूकंपाच्या नाहीत. वर रुंद, खाली निमुळत्या, आणि आत भरलेलं सगळं वरच्या काळ्या मातीचं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यात पडते, पावसात पुन्हा फुगते. त्याच मातीत तिरके, तुळतुळीत, रेघा असलेले पृष्ठभाग सापडतात, फुगताना माती मातीवर घासून ते होतात, आणि नवीन माणसाला ते हमखास फॉल्टसारखे वाटतात. महाराष्ट्रात या कामाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, आपली मातीच भूकंपाच्या खुणांची नक्कल करते.

भूकंपाची वाळूची डाइक बरोबर उलटी असते. खाली वाळूच्या थराला जोडलेली, तिथं जाड, वर जाताना बारीक होणारी, आत धुतलेली वाळू, कडेला बारीक गाळाची पातळ रेघ, आणि मधूनमधून फाटलेल्या चिकणमातीचे तुकडे वर ओढून नेलेले. कशाने भरलंय आणि ते वरून आलं की खालून, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

तुमचा राखाडी लाटांचा थर मात्र मला परत परत बघावासा वाटतोय. तो विहिरीच्या सगळ्या बाजूंना आहे का? आणि त्याच्या लगेच वरचा पोयटा सपाट आहे की तोही वाकलाय?

सिव्हिल_काका

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. पाया खणताना आम्ही अशा गोष्टी शेकड्यांनी बघितल्या असतील पण नोंद कोण करतो, खडक लागला की काँक्रीट टाकायची घाई. धरणाच्या पायात शिअर झोन, म्हणजे चिरडलेल्या खडकाचा पट्टा निघाला तर तो साफ करून भरतात, त्याचा नकाशा असतो, पण वरच्या गाळाचं कोणी काढत नाही कारण तो काढूनच टाकायचा असतो. ही फार मोठी माहिती वाया गेली असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, किल्लारीनंतर तिथं चर खणून बघितलं होतं ना? त्याचं काय निघालं ते लिहा कोणीतरी.

गोदाकाठ

हो काका. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी किल्लारीला काम केलं, त्यांचं म्हणणं पडलं की १९९३ ला जो फॉल्ट सरकला तो नवा नव्हता, आधीही तिथं हालचाल झालेली आहे. सगळ्यांना ते मान्य झालं नाही, काहींच्या मते फॉल्ट नवाच. पण त्यांनीच पुढे तेरला, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं सातवाहनकालीन तेर, तिथल्या थरांतल्या तुटीवरून साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाचा पुरावा मांडला. किल्लारीपासून तेर फार लांब नाही. हे आधी माहीत असतं तर तो भाग सगळ्यात खालच्या झोनमध्ये राहिला असता का, हा विचार मला सोडत नाही.

तापीपार

मी शिरपूरकडचा. तुम्ही नाशिककर गोदावरीत शोधताय पण खरा माल तापीत आहे. २०१४ मध्ये ॲलेक्स कॉप्ली, सुप्रियो मित्रा वगैरे मंडळींचा अभ्यास आला, उपग्रहाच्या चित्रांवरून आणि प्रत्यक्ष जाऊन तापीच्या खोऱ्यातला फॉल्ट बघितला, तर अलीकडच्या गाळात पायरी पडलेली. त्यांच्या हिशोबाने होलोसीनमध्ये, म्हणजे गेल्या दहा-बारा हजार वर्षांत कधीतरी, तिथं ७.६ ते ८.४ तीव्रतेचा भूकंप झालेला असावा. भुज ७.७ होता, लक्षात घ्या. आमच्या घरात, गावात, देवळाच्या कथेत कुठंच याची आठवण नाय.

प्रश्नांकित

बापरे. ८.४ आपल्याकडे? हे वाचून घरच्यांना सांगू की नको असं झालंय.

तापीपार

घाबरायचं म्हणून नाही सांगत. हजारो वर्षांत एकदा होणारी गोष्ट उद्याच होईल असं कोण म्हणतंय. पण पूल, धरण, औष्णिक केंद्र बांधताना तेवढं तरी धरायला पाहिजे का नको?

देवळालीकर

एक विरोधी मत मांडतो, राग नसावा. नाशिक शहराच्या आसपास मी नदीकाठ भरपूर फिरलोय, गंगापूरपासून दारणेच्या संगमापर्यंत, असं काही दिसत नाही. गोटे, खडक, वर थोडी माती. म्हणजे इथं मोठा भूकंप झालाच नाही असं का म्हणू नये?

मृण्मयी

राग कशाला, मुद्दा बरोबर आहे आणि उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. गोटे आणि खडक. वाळू उसळायला बारीक, सैल, पाण्याने भरलेली वाळू लागते आणि वर चिकण झाकण लागतं. नाशिकला गोदावरी वरच्या टप्प्यात आहे, बेसॉल्टच्या तळावरून वाहते, गाळ पातळ आणि भरड. गंगापूरच्या दरडीतल्या ज्या गोट्यांच्या थरात सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली, तशा थरात लिक्विफॅक्शनची, म्हणजे वाळू पातळ होऊन उसळण्याची खूण उमटणं अवघड. म्हणजे इथं भूकंप होऊन गेला असता तरी पाटी कोरी दिसली असती. साधारण पाच-साडेपाचच्या खालचा भूकंप तर चांगल्या वाळूतही सहसा खूण ठेवत नाही, त्यामुळे पेठ-सुरगाण्याचे छोटे धक्के कुठं शोधत बसू नका.

खाली जा. निफाड, नांदूर मध्यमेश्वर, पुढे कोपरगाव, नेवासा, तिथं गाळ जाड होतो. नांदूर मध्यमेश्वरजवळच्या गाळात नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सापडले होते, म्हणजे थर जुने आहेत आणि जपलेलेही.

सिव्हिल_काका

वय कसं काढतात तेही सांगा, लोक विचारणारच.

मृण्मयी

खुणेचं वय थेट काढता येत नाही, तिला दोन्हीकडून घेरतात. डाइक ज्या थराला कापते त्याच्यापेक्षा भूकंप नंतरचा, आणि जो थर तिच्यावर न फाटता पसरलाय त्याच्या आधीचा. त्या दोन थरांची वयं काढायची. कोळसा, शिंपला मिळाला तर कार्बन १४, त्याची अर्धायु ५७३० वर्षं, म्हणून चाळीस-पन्नास हजार वर्षांच्या मागे उपयोग नाही. नाहीतर ओएसएल, म्हणजे क्वार्ट्झच्या कणाने शेवटचं ऊन कधी बघितलं ते मोजायचं. आपल्या बेसॉल्टच्या गाळात क्वार्ट्झ कमी, त्यामुळे इथं नमुना नीट निवडावा लागतो.

खापरंही कामाला येतात. अमेरिकेत न्यू माद्रिदला १८११-१२ चे भूकंप सगळ्यांना माहीत होते, पण वाळूच्या खाली आणि वर मिळालेल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीच्या खुणांवरून मार्टिशिया टटल यांनी दाखवलं की तिथं इसवी सन ९०० आणि १४५० च्या सुमारालाही तसेच मोठे भूकंप झाले होते. गोदावरीकाठी ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीपासून वस्ती आहे, खापरं काय कमी आहेत का आपल्याकडे.

आणि ज्वालामुखीची राख. सुमात्रातल्या टोबाचा साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा स्फोट, त्याची राख भारतभर पडली. पुणे जिल्ह्यात बोरीला कुकडीकाठी राखेचा थर आहे, तो याच टोबाचा की त्याहून खूप जुन्या स्फोटाचा यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. काका, म्हणूनच तुमची "राखाडी वाळू" वाचून मी पटकन फोटो मोठा करून बघितला, पण ती वाळूच आहे, कण दिसतात.

निफाडचा_बागायतदार

ताई आज पुन्हा उतरलो, टॉर्च घेऊन. राखाडी थर तीन बाजूंना आहे, पूर्वेकडं खडी जास्त आहे तिथं हरवतो. त्याच्या वरचा पोयटा सपाट आहे, अगदी पाटी ठेवल्यासारखा. खालची चिकणमाती गोळ्यांच्या बुडाशी दबलेली आहे पण अजून खाली सरळ. आणि एक गोष्ट कालच्या फोटोत नव्हती, उत्तरेच्या बाजूला त्या राखाडी थरातून एक बोटभर रुंद पांढरट रेघ वर पोयट्यात गेलीय, साधारण फूटभर, मग संपते. माती वेगळी लागते हाताला, चरचरीत. तळाशी थराला चिकटलेली आहे. शेजारच्या मळ्यात मागच्या वर्षी शेततळं खणलं, त्यांच्याकडंही लाटेसारखा थर होता म्हणतात पण आता कागद अंथरलाय.

गोदाकाठ

हे वाचून अंगावर काटा आला खरं सांगतो. चुनखडीची मुळी तर नाही ना ती? झाडाच्या मुळाभोवती चुना जमतो तसली?

मृण्मयी

तीच तपासणी आधी. काका, त्या रेघेतली चिमूटभर माती काढून तिच्यावर लिंबू पिळा. फसफसली आणि कडक नळीसारखी असेल तर मुळाभोवतीचा चुना. वाळू तशीच मोकळी राहिली तर गोष्ट वेगळी. चुना आणि वाळू दोन्ही असू शकतं, नंतर चुना झिरपून बसतो, म्हणून तेवढ्यावर निकाल लावायचा नाही. तो पोयटा वर सपाट आहे ही फार चांगली गोष्ट आहे, पण पुराने टाकलेल्या वाळूवरही नंतर सपाट थर बसतोच. एका विहिरीवरून मी काहीच म्हणणार नाही. शेजारच्या शेततळ्याचे खणतानाचे फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये असतील तर मिळवा, पोकलेनवाल्याकडे हमखास असतात.

निफाडचा_बागायतदार

लिंबू पिळून बघितलं. कडेला थोडं फसफसलं, आतली वाळू मोकळीच राहिली. पोकलेनवाल्याला फोन केलाय, तो फोटो शोधून पाठवतो म्हणाला.

सिव्हिल_काका

बागायतदार, विहिरीची रिंग कधी टाकताय? काँक्रीट झालं की संपलं. आणि अशा सुट्या कडेखाली एकट्याने उतरू नका, वाळूचा थर आहे, पाणी उपसल्यावर कड बसते. वर माणूस आणि दोर ठेवूनच जा.

मृण्मयी

काकांचं ऐका. फोटोत फूटपट्टी किंवा टेप धरा, वर कुठली दिशा ते खडूने लिहा, जमिनीपासून थराची खोली मोजा. मातीचे नमुने तुम्ही काढू नका, ओएसएलचा नमुना उजेड न लागू देता बंद नळीत घ्यावा लागतो, ऊन लागलं की वय पुसलं. माझ्या जुन्या सरांशी बोलतेय, गाळावर काम करणारं कोणीतरी येऊन प्रत्यक्ष बघेल असं करते.

निफाडचा_बागायतदार

रिंगचं काम दिवाळीनंतर धरलंय. तोवर उत्तरेची बाजू तशीच ठेवतो, पाणी उपसायचा पाइप दुसरीकडून सोडलाय म्हणजे कड धुऊन जाणार नाय. तुमचे सर कधी येतात तेवढं दोन दिवस आधी कळवा, द्राक्षाची छाटणी चालू आहे.